तमालेत नव्याने राहायला जाताना : घर, भाषा, चीफ आणि असेंब्ली

घानाच्या उत्तर भागातलं सगळ्यात मोठं शहर म्हणजे तमाले. राजधानी अक्राहून रस्त्याने कुमासी, किंटाम्पो, बुइपे असा सहाशे किलोमीटरहून अधिक प्रवास, बसने बारा तास तरी धरावेत. विमानाने तासाभराहून थोडा जास्त. शिया बटर आणि शेतमालाचा व्यापार, स्वयंसेवी संस्था, विद्यापीठ, मोठं रुग्णालय यांमुळे बाहेरून येणाऱ्यांचा इथे राबता असतो. अक्रा किंवा तेमा पाहून आलेल्या माणसाला मात्र तमाले वेगळं वाटतं. भाषा वेगळी, जेवण वेगळं, बहुसंख्य लोक मुस्लिम, आणि कारभाराला दोन दारं : एक असेंब्लीचं, म्हणजे स्थानिक शासनाचं, दुसरं चीफच्या, म्हणजे पारंपरिक प्रमुखाच्या वाड्याचं. कुठल्या कामासाठी कुठलं दार ठोठवायचं हे ज्याला लवकर उमगतं, त्याची पहिल्या सहा महिन्यांतली बरीच धावपळ वाचते. ते दार दाखवायला हा लेख आहे.

निघण्यापूर्वी

यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. पिवळ्या पुस्तिकेवर तारीख, शिक्का, सही आणि पासपोर्ट क्रमांक नीट आहे ना ते तिथेच तपासा. ती घानात शिरताना लागते, आणि भारतात परतताना तर हमखास लागते. प्रमाणपत्र नसेल किंवा दहा दिवस पुरे झालेले नसतील तर भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर ग्राह्य धरली जाते, म्हणून पुस्तिका जपा आणि तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. उत्तर घाना मेंदूज्वराच्या आफ्रिकी पट्ट्यात येतो आणि कोरड्या महिन्यांत साथ येऊ शकते, तेव्हा चार प्रकारांवरची मेनिंगोकोकल लसही डॉक्टरांना विचारून घ्या.

सामानात दोन गोष्टी लोक विसरतात. घानातले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात. आपली गोल पिन त्यात जात नाही. वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे उपकरणं चालतात, फक्त अडॅप्टर हवेत. ते चार-पाच न्या, कारण मिक्सर, चार्जर, राउटर सगळ्यांना एकेक लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे शैक्षणिक प्रमाणपत्रं, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती. वर्क परमिट आणि मुलांची शाळा या दोन्ही ठिकाणी त्या मागितल्या जातात, आणि भारतातून मागवायला वेळ लागतो.

पहिला आठवडा : तुम्ही नक्की कुठल्या हद्दीत?

सिमकार्ड पासपोर्टवर मिळतं. दीर्घकाळ राहणार असाल तर परदेशी रहिवाशांसाठीचं घाना कार्ड काढावं लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. बँक खातं, सिमची पक्की नोंदणी, करखात्याची कामं सगळी त्यावर अडतात. इमिग्रेशनची मुदत आणि कार्डाची मुदत वेगवेगळी असते. दोन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पैशाचा व्यवहार फोनवरून चालतो. एमटीएन या मोबाइल कंपनीचं मोमो, म्हणजे फोनवरचं पैशाचं खातं, सगळ्यात जास्त वापरात आहे. *१७०# डायल केलं की मेनू उघडतो, स्मार्टफोनची गरज नाही. घरभाड्यापासून टोमॅटोपर्यंत सगळं त्यावर देता येतं. २०२२ मध्ये या व्यवहारांवर लावलेला ई-लेव्ही कर एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाला. कंपनीचं स्वतःचं शुल्क मात्र वेगळं असतं. नवख्या माणसाला हमखास येणारा फोन असा : ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा.’ आलेला मेसेज खोटा असतो. आधी मेनूतून स्वतःची शिल्लक पाहा, आणि पिन कुणालाही सांगू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकसंध दिसणारं हे शहर दोन असेंब्ल्यांमध्ये विभागलेलं आहे. २०१२ मध्ये तमाले महानगरातून साग्नारिगू वेगळा झाला आणि २०१८ मध्ये त्याला म्युनिसिपल दर्जा मिळाला. २०२१ च्या जनगणनेत तमाले महानगराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या आसपास आणि साग्नारिगूची सुमारे ३.४ लाख होती. लामाशेगू, साकासाका, मोशी झोंगो, व्हित्तिन हे भाग तमाले मेट्रोत येतात. कालपोहिन, चोग्गू, जिसोनायिली, कानव्हिली साग्नारिगूत. रस्त्यावर कुठेही सीमा दिसत नाही, पण व्यवसायाचा परवाना चुकीच्या कार्यालयात भरला तर दुसऱ्या असेंब्लीचा वसुली कर्मचारी दारात येतोच, आणि भरलेले पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

हद्द ओळखायची सोपी रीत म्हणजे घाना पोस्टचं डिजिटल पत्त्याचं ॲप. २०१७ पासून देशभरात पाच बाय पाच मीटरच्या चौकोनाला एक स्वतंत्र संकेतांक आहे. घराच्या दारात उभं राहून ॲप उघडायचं. पहिलं अक्षर प्रदेशाचं, दुसरं जिल्ह्याचं : तमाले मेट्रोला ‘एनटी’, साग्नारिगूला ‘एनएस’. कंपाउंडच्या टोकाला उभं राहिलात तर शेजाऱ्याचा आकडा मिळतो, म्हणून मुख्य दाराशीच घ्या आणि तोच सगळीकडे द्या. बँकेत एक आणि असेंब्लीत दुसरा असं झालं की पुढे पत्ता जुळत नाही.

घर भाड्याने घेताना

‘चेंबर अँड हॉल’ म्हणजे एक खोली आणि पुढची बैठकीची खोली. ‘सेल्फ-कंटेन्ड’ म्हणजे स्वतंत्र संडास-बाथरूमसह. ‘कंपाउंड हाउस’मध्ये मधल्या अंगणाभोवती अनेक बिऱ्हाडं असतात आणि नळ, मीटर, संडास सामाईक असू शकतात. भाषा शिकायची असेल तर कंपाउंड हाउससारखी जागा नाही. कुटुंब घेऊन जाणार असाल तर स्वतंत्र घर बरं.

१९६३ च्या भाडे कायद्यानुसार घरमालकाला सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. प्रत्यक्षात एक ते दोन वर्षांचं आगाऊ मागितलं जातं आणि बहुतेक लोक देतात. वाद झाला तर रेंट कंट्रोल खात्याचं कार्यालय आहे, पण तिथे लेखी करार आणि पावत्या लागतात. म्हणून रक्कम कितीही असो, पैसे बँकेतून किंवा मोमोवरून द्या आणि कालावधी, रक्कम, दुरुस्ती कुणी करायची हे कागदावर घ्या.

पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी स्वतः पाहा. मीटर स्वतंत्र आहे का? इथे वीज नेडको ही कंपनी देते आणि मीटर बहुधा प्रीपेड असतो. आधीच्या भाडेकरूची थकबाकी मीटरवर असेल तर ती तुमच्या रिचार्जमधून वळती होऊ शकते. थोड्या रकमेचं रिचार्ज करून किती युनिट मिळतात ते मालकासमोरच बघा. टाकी केवढी आहे? नळाचं पाणी व्हाइट व्होल्टा नदीतून नावुनी इथे उचलतात आणि दालून इथे शुद्ध करून शहराला देतात. उन्हाळ्यात आणि शहराच्या टोकाच्या वस्त्यांत ते अनेक दिवस येत नाही. माणशी १०० लिटर धरले तर चार माणसांना १,००० लिटरची टाकी अडीच दिवस पुरते. म्हणून ३,००० लिटरपेक्षा कमी साठवण असलेलं घर कुटुंबासाठी घेऊ नये, आणि टँकर टाकीपर्यंत पोचेल असा रस्ता आहे ना हेही पाहावं. खिडक्यांना डासांची जाळी आणि छताखाली सीलिंग असलंच पाहिजे. नुसत्या पत्र्याखाली मार्च-एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकतो तेव्हा, दुपारी बसवत नाही.

पिण्यासाठी लोक ५०० मिलिलिटरच्या पिशव्या घेतात. तीसची गोणी, म्हणजे १५ लिटर. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेली गोणी घेऊ नका.

भाषा : इंग्रजी कुठे संपते

सरकारी कागद इंग्रजीत, फलक इंग्रजीत, बँक इंग्रजीत. बाजार, कंपाउंड, दवाखान्याची रांग आणि वाडा मात्र दागबानी या इथल्या भाषेत चालतात. झोंगो वस्त्यांत, म्हणजे बाहेरून आलेल्या मुस्लिमांच्या वस्त्यांत, हौसा चालते, दक्षिणेकडून आलेल्या दुकानदारांकडे त्वी, आणि मजुरांत, नोकरदारांत गोंजा, माम्प्रुली, फ्राफ्रा, दगारे, एवे भाषकही भेटतात. त्वी शिकून तमालेत जाऊ नका. अक्रा-कुमासीत ती उपयोगी आहे, इथे दागबानीची चार वाक्यं तिच्यापेक्षा जास्त दारं उघडतात. मुलांच्या बाबतीतही हे लक्षात घ्या : सरकारी शाळांत बालवर्गापासून तिसरीपर्यंत स्थानिक भाषेतून शिकवण्याचं धोरण आहे, आणि त्यासाठी मान्य असलेल्या ११ भाषांत दागबानी आहे.

शिकायची सुरुवात नमस्कारापासून. सकाळी ‘दासिबा’, दुपारी ‘आंतिरे’, उन्हं कलल्यावर ‘आनिनवुला’. तिन्हींचं उत्तर एकच : ‘ना’, लांब सुरात. झोप कशी झाली, या अर्थी ‘आ ग्बिहिरा?’ विचारतात, उत्तर ‘गोम बेनी’. काम करत असलेल्या माणसाजवळून जाताना ‘नी तुमा’ म्हणायचं; त्यालाही उत्तर ‘ना’. ‘माराबा’ म्हणजे स्वागत, ‘म्पागिया’ म्हणजे आभार, वाट मागायला किंवा मध्ये बोलायला ‘गाफारा’. जो येतो तो आधी बोलतो, आधीच बसलेला नाही. वडीलधाऱ्यांसमोर किंचित उकिडवं बसून नमस्कार करतात. निदान गुडघे वाकवा. देणं-घेणं उजव्या हाताने, हे आपल्याकडच्यासारखंच.

नवख्यांकडून इथे एक चूक सतत होते. दुकानात शिरून थेट ‘अमुक आहे का?’ असं इंग्रजीत विचारतात. समोरचा उत्तर देतो, पण भाव वाढतो आणि मदत आटते. नमस्काराची तीन वाक्यं झाल्याशिवाय कामाचं बोलू नका. सरकारी कार्यालयातही हेच : आधी खोलीतल्या सगळ्यांना, मग साहेबांना.

मराठी माणसाला उच्चारात दोन गोष्टी जड जातात. ‘क्प’ आणि ‘ग्ब’ हे जोडाक्षरं म्हणून एकामागे एक म्हणायचे नसतात. जिभेचा मागचा भाग आणि ओठ एकाच क्षणी उघडायचे. ‘गुल्क्पे’, ‘ग्बेवा’ ही नावं रोज दहा वेळा म्हणा, आठवड्यात जमतं. दुसरं म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचा ‘ङ’. आपल्याकडे तो ‘वाङ्मय’सारख्या शब्दात मध्ये येतो, दागबानीत शब्दच त्याने सुरू होतात. भाषा सुरांची आहे, चढ-उताराने अर्थ बदलतो. पण संदर्भावरून लोक समजून घेतात, म्हणून सूर चुकेल या भीतीने गप्प राहू नका.

आकडे बाजारासाठी पाठ करा : यिनी, आयी, आता, आनाही, आनू, आयोबू, आयोपोइन, आनी, आवेइ, पिया. किंमत विचारायला ‘आला?’ पुरतं. वयस्क विक्रेत्या कधीकधी जुन्या चलनात बोलतात. २००७ मध्ये १०,००० जुन्या सेडींचा एक नवा सेडी झाला, त्यामुळे कुणी ‘दहा हजार’ म्हणालं तर ते एक सेडी असू शकतं. घाबरून न जाता नोट दाखवून विचारा. मुलं ‘सिलिमिंगा’ म्हणून हाका मारतील. परदेशी माणसाला तसंच म्हणतात, त्यात अपमान नाही. रोज अर्धा तास रेडिओ सव्हाना किंवा इतर स्थानिक केंद्रांवरच्या दागबानी बातम्या लावून ठेवल्या तर कान लवकर तयार होतो.

वाड्याचं दार

घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेने चीफ ही संस्था मान्य केली आहे आणि चीफला पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घ्यायला मनाई केली आहे. दक्षिणेत चीफ स्टुलावर बसतो. दागबोन या इथल्या पारंपरिक राज्यात प्राण्याच्या कातड्यावर. म्हणून इथल्या जमिनीला ‘स्किन लँड’ म्हणतात. दागबोनचे सर्वोच्च राजे म्हणजे या-ना. त्यांची गादी तमालेपासून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर येंदीच्या ग्बेवा वाड्यात आहे. तमालेत गुल्क्पे-ना हे चीफ, आणि जमिनीच्या देवतांशी निगडित परंपरेतले दाक्पेमा. शिवाय प्रत्येक वस्तीचा आपला चीफ.

राजघराण्याच्या दोन शाखा आहेत, अबुदू आणि अंदानी. २००२ मध्ये या-ना याकुबू अंदानी दुसरे यांची हत्या झाली आणि गादीचा प्रश्न अनेक वर्षं चिघळला. आशांतीहेने, म्हणजे आशांतींचे राजे, यांच्यासह तीन मोठ्या राजांच्या समितीने मार्ग काढला, आणि जानेवारी २०१९ मध्ये या-ना अबुकारी दुसरे गादीवर आले. नव्या माणसाने यात कुणाची बाजू घेऊ नये, आणि ‘तुम्ही कुठल्या शाखेचे?’ असं चुकूनही विचारू नये. तमालेत कुणाचा अधिकार कुठवर यावरूनही मतं तीव्र आहेत. आपल्या वस्तीत काय रीत आहे ते घरमालकाला विचारून त्याप्रमाणे वागा.

वाड्यावर कधी जायचं? वस्तीत संस्था, दवाखाना, प्रकल्प, सर्वेक्षण सुरू करायचं असेल, जमीन घ्यायची असेल, किंवा आसपासच्या गावात काम करायचं असेल, तेव्हा सुरुवात तिथूनच. नुसतं भाड्याने राहायचं असेल तर घरमालक आणि शेजारचे वडीलधारे पुरेत. जाण्यापूर्वी ओळखीच्या माणसामार्फत निरोप द्या. कोला फळं किंवा त्यांच्या नावाने थोडे पैसे न्यायचे. किती, ते सोबतच्या माणसाला विचारा. दारात पादत्राणं आणि टोपी काढायची, उकिडवं बसायचं, हस्तांदोलनाला हात पुढे करायचा नाही. चीफशी थेट बोलत नाहीत. ‘वुलाना’ हा त्यांचा प्रवक्ता तुमचं म्हणणं पोचवतो आणि उत्तर सांगतो. मध्ये थांबून बोला, त्याला वेळ द्या. काम संपवून परत जाताना निरोप घ्यायलाही यायचं असतं. प्रकल्पवाले इथेच चुकतात, आणि पुढच्या वेळी दार अवघड होतं.

जमिनीबद्दल सावध राहा. परदेशी माणसाला घानात जमिनीची मालकी मिळत नाही; राज्यघटनेनुसार जास्तीत जास्त ५० वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. क्रम असा ठेवा : परवानाधारक सर्व्हेअरकडून साइट प्लॅन, त्या प्लॅनवर लँड्स कमिशनच्या तमाले कार्यालयात शोध, मग चीफकडून वाटपपत्र, वकिलाकडून भाडेपट्टा, लँड्स कमिशनची संमती, मुद्रांक, नोंदणी. त्यानंतर असेंब्लीकडून बांधकाम परवाना. लोक वाटपपत्र मिळालं की भिंत घालायला घेतात. तीच जमीन आधी दुसऱ्याला दिलेली निघते, किंवा असेंब्लीचे लोक येऊन ‘काम थांबवा, परवाना दाखवा’ असं लाल रंगात भिंतीवर लिहून जातात. शोध आधी, पैसे नंतर, हा क्रम मोडू नका, समोरचा कितीही विश्वासू असला तरी.

असेंब्लीचं दार

देशात २६१ स्थानिक असेंब्ल्या आहेत : मेट्रोपॉलिटन, म्युनिसिपल आणि डिस्ट्रिक्ट. मेट्रोला किमान अडीच लाख लोकसंख्या लागते, म्युनिसिपलला ९५ हजार, डिस्ट्रिक्टला ७५ हजार. सध्याचा कायदा २०१६ चा, स्थानिक शासन कायदा ९३६.

महानगरपालिका डोळ्यांसमोर ठेवली तर काही गोष्टी जुळतात आणि काही मुळीच जुळत नाहीत. आपल्या नगरसेवकासारखा इथे ‘असेंब्लीमन’ किंवा ‘असेंब्लीवुमन’ असतो, एका इलेक्टोरल एरियातून चार वर्षांसाठी निवडलेला. पण या निवडणुकीत पक्ष, चिन्ह, झेंडा यांना बंदी आहे. ही बंदी उठवण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये ठरलेलं सार्वमत ऐनवेळी रद्द झालं. सदस्यांपैकी ७० टक्के निवडून येतात, ३० टक्के राष्ट्राध्यक्ष नेमतात, पारंपरिक नेते आणि स्थानिक गटांशी सल्लामसलत करून. भागातले खासदार बसतात, पण त्यांना मत नसतं. महापौर म्हणून ज्याला ओळखतात तो चीफ एक्झिक्युटिव्ह निवडून येत नाही : राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि दोनतृतीयांश सदस्यांनी मान्यता द्यावी लागते. सभा चालवतो तो प्रिसायडिंग मेंबर, सदस्यांनी दोनतृतीयांश मतांनी निवडलेला. म्हणजे ‘महापौरांना भेटलं की काम होईल’ हा आपला अंदाज इथे अर्धाच खरा. नियमाची तक्रार प्रिसायडिंग मेंबरकडे न्यायची, प्रशासनाची चीफ एक्झिक्युटिव्हच्या कार्यालयात.

सदस्याला इंग्रजी यावं अशी अट नाही, आणि सभेत स्थानिक भाषेत बोलता येतं. त्यामुळे तुमचा असेंब्लीमन दागबानीत सहज आणि इंग्रजीत अडखळत बोलणारा असू शकतो. दुभाष्या घेऊन जा. मुलाला दुभाषी करू नका, वडिलधाऱ्यांना ते आवडत नाही.

असेंब्लीच्या खाली सब-मेट्रो कौन्सिल आणि सगळ्यात खाली युनिट कमिटी, पाच निवडलेल्या सदस्यांची. बंद दिवा, तुंबलेलं गटार, फुटलेला नळ, शेजाऱ्याशी सांडपाण्यावरून तंटा, ही कामं युनिट कमिटीपासून सुरू करा. पहिल्या पंधरवड्यात घरमालकासोबत जाऊन कमिटीच्या एकातरी सदस्याला आणि असेंब्लीमनला नमस्कार करून या. काही मागायचं नसताना केलेली ही भेट पुढे फार उपयोगी पडते.

पैसे कशाचे भरायचे? भाडेकरूला मालमत्ता कर लागत नाही, तो मालकाचा. व्यवसाय करत असाल तर बिझनेस ऑपरेटिंग परमिट दरवर्षी घ्यावं लागतं. दर असेंब्लीच्या वार्षिक शुल्क ठरावात व्यवसायाच्या प्रकारानुसार दिलेले असतात. तो ठराव महसूल विभागात मागून आपला वर्ग स्वतः वाचा. छोट्या कार्यालयाला मोठ्या कंपनीचा वर्ग लावलेला आढळतो आणि वेळेवर लेखी हरकत घेतली तर दुरुस्त होतो. पाटी लावायची तर वेगळा परवाना. खाद्यपदार्थ विकायचे तर स्वयंपाकी आणि वाढप्यांची आरोग्य तपासणी. परदेशी माणसाने आधी कंपनी नोंदणी आणि गुंतवणूक प्रोत्साहन केंद्राची नोंदणी करायची, मग असेंब्ली. २०१३ च्या गुंतवणूक कायद्यात बाजारातली किरकोळ विक्री, फेरीचा धंदा, केशकर्तनालय आणि छोटी टॅक्सीसेवा घानाच्या नागरिकांसाठी राखीव आहेत. मित्राच्या नावावर बाजारात गाळा चालवण्याच्या फंदात पडू नका.

वसुली कर्मचारी दारात आला तर नमस्कार, मग ओळखपत्र, मग मागणीपत्र. रोख दिलीत तर सरकारी छापील क्रमांकाची जनरल काउंटरफॉइल रिसीट किंवा यंत्रातून निघालेली पावती घ्या. साध्या कागदावरची सही चालत नाही. पावत्या पाच वर्षं तरी ठेवा, आणि दरवर्षी फोटो काढा, कारण इथल्या धुळीत आणि उन्हात शाई फिकी पडते.

मूल तमालेत जन्मलं तर जन्मनोंदणी पहिल्या वर्षात मोफत होते. रुग्णालयाचा कागद, आईवडिलांचे पासपोर्ट आणि डिजिटल पत्ता घेऊन जा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावण्याची आपली पद्धत नोंदणी कारकुनाला ठाऊक नसते, तेव्हा लिहून द्या.

बाजार आणि ताट

मुख्य बाजार रोज भरतो, अबोआबोचा बाजार धान्यासाठी चांगला. आसपासच्या गावांचे बाजार सहा दिवसांच्या चक्राने भरतात, म्हणजे ‘दर मंगळवारी’ असं काही नसतं. दिवस मोजावा लागतो. धान्य तराजूवर नाही, वाडग्याने मापून मिळतं. शीग किती उंच हे विक्रेत्याच्या हातात, आणि नमस्कार नीट झाला की वर मूठभर ‘डॅश’ मिळतो. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते दोन जुम्म्याच्या नमाजामुळे बरीच दुकानं आणि कार्यालयं थांबतात. कामं सकाळी उरका.

मराठी स्वयंपाकघराला तमाले परकं नाही. ज्वारी, बाजरी, मका, शेंगदाणे, चवळी, भेंडी मुबलक. अंबाडीची पानं ‘ब्रा’ नावाने मिळतात आणि तिच्या लाल बोंडांचं सरबत ‘सोबोलो’ म्हणून विकतात. शेवग्याचा पालाही बाजारात येतो. भाकरीचं पीठ गिरणीवर दळून घ्यायचं तर आधी विचारा की आत्ता काय दळलं, कारण त्याच गिरणीत सुकी मिरची किंवा मासळी दळलेली असते. कोरड्या धान्याची गिरणी निवडा आणि पहिलं मूठभर पीठ टाकून द्या.

शाकाहारींनी ‘नो मीट’ एवढंच म्हणून चालत नाही. मासे त्यात धरत नाहीत. ‘मांस नाही, मासे नाहीत, कोंबडी नाही’ असं तिन्ही म्हणा. दागबानीत मांस ‘निम्दी’, मासा ‘झाहिम’. भाज्यांच्या रश्शात सुक्या मासळीची भुकटी सर्रास असते. निर्धोक पदार्थ म्हणजे चवळीची तळलेली भजी ‘कोसे’, वाफवलेली ‘तुबानी’, बाजरीची तिखटगोड पेज ‘हौसा कोको’, तळलेलं ताजं चीज ‘वागाशी’. वाक्येचा भात-चवळी नुसता घ्या, त्यावरचा काळा शितो, म्हणजे मिरचीची चटणी, नको, त्यात कोळंबी असते.

रस्ता, ताप, धूळ

घानात वाहनं उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा. पहिल्या महिन्यात सवयीने उलट पाहिलं जातं आणि तमाले मोटारसायकलींचं शहर आहे. वर्तुळाकार चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. शहरात ‘येलो-येलो’ तीनचाकी शेअरने जातात. चढण्यापूर्वी थांब्याचं नाव सांगा. हेल्मेट चांगलं घ्या, भाड्याच्या मोटारसायकलवर ते मिळेलच असं नाही.

इथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे दोन दिवसांत जिवावर बेतू शकणारा. ताप आला की त्याच दिवशी तपासणी, औषध तपासणीनंतर. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी रोज. सुट्टीवर महाराष्ट्रात आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की तुम्ही पश्चिम आफ्रिकेतून आला आहात. हे राहून गेल्यामुळे निदानात दिवस जातात.

पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सहाराकडून हरमाटन वारा येतो. पहाटे थंडी, दिवसभर धूळ, ओठ आणि टाचा फुटतात. त्यावर इथलंच शिया बटर लावा. लॅपटॉप झाकून ठेवा, आणि दम्याची औषधं नोव्हेंबरमध्येच भरून घ्या.

काम अडलं तर

आधी युनिट कमिटी, मग असेंब्लीमन. तिथे काही हललं नाही तर असेंब्लीच्या क्लायंट सर्व्हिस कक्षात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. त्यानंतरची पायरी म्हणजे जनसंपर्क व तक्रार समिती. तिचा अध्यक्ष प्रिसायडिंग मेंबर असतो. अर्जात घटना, तारखा, पावत्यांचे क्रमांक आणि नेमकं काय हवं ते एका पानात लिहा; रागाचे शब्द वगळा.

माहिती दडवली जात असेल तर २०१९ चा माहिती अधिकार कायदा ९८९ वापरा. महाराष्ट्रात माहिती अधिकार वापरलेल्यांना पद्धत ओळखीची वाटेल, पण इथे उत्तराची मुदत १४ दिवस आहे. अर्ज संस्थेच्या माहिती अधिकाऱ्याकडे, हवा असलेला कागद नेमक्या नावाने मागून : ‘२०२५ चा शुल्क ठराव, पान आणि दरांसह’, असं. मोघम ‘सर्व माहिती’ मागितली तर अर्ज रेंगाळतो.

अधिकाराचा गैरवापर झाला असं वाटलं तर मानवी हक्क व प्रशासकीय न्याय आयोग, बोलीभाषेत ‘श्राज’, तक्रार विनाशुल्क घेतो. प्रादेशिक कार्यालय तमालेत आहे. सोबत न्यायचं : पासपोर्ट किंवा घाना कार्डाची प्रत, डिजिटल पत्ता, शिक्का असलेली अर्जाची प्रत, मूळ पावत्या आणि त्यांच्या दोन झेरॉक्स. मूळ कागद दाखवून परत घ्यायचे, तिथे ठेवून यायचे नाहीत.